वाढलेलं हृदय

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेली असते. असेना का. पण पाटाच्या कडेनं रोज पहाटे पंधरा किलोमीटर पळायचं, तर ती किळस गिळूनच पळावं लागतं. राहात्याच्या बाहेर पडलं की पहिला किलोमीटर डबे घेऊन बसलेल्यांचा. घरोघर संडास झाले, दारात उभं राहून फोटो काढले, त्यात सरपण भरलं आणि मंडळी पुन्हा पाटावर! मला बघून दचकून उभी राहायची, जणू मीच त्यांच्या घरात शिरलेय. त्यापुढं बाजारात न गेलेल्या पेरूंचा सडका ढीग, त्यावर माश्या. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास. तो एकदा घशात बसला की दुपारच्या चहालाही येतो.

तरी मी अकरा वर्षं पळाले. एकतिसाव्या वर्षी सुरू केलं, तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. नवरा नाशिकला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. आई माझ्याकडंच राहते. मी पंचायत समितीत क्लार्क. दिवसभर पिंक मारलेल्या कोपऱ्यांत बसून लोकांचे चिकट कागद हाताळायचे. त्या सगळ्या दिवसात एकच स्वच्छ गोष्ट होती, ती म्हणजे तिसऱ्या किलोमीटरनंतरचा माझा ठोका. तिथं तो लागायचा. एकसारखा, दमदार. मग ना वास यायचा, ना माणसं दिसायची.

"वहिनी, बस चुकली का?" हा विनोद मी अकरा वर्षं ऐकला. प्रत्येकाला वाटायचं आपणच पहिल्यांदा केला. दात काढायचे आणि लगेच थुंकायचे.

मागच्या वर्षी आमच्या कार्यालयात चाळिशीच्या पुढच्यांसाठी आरोग्य शिबिर लागलं. सभागृहात दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, पडद्यावर कुणाच्या तरी तेलकट हाताचे पंजे. ईसीजी काढणाऱ्या मुलीनं मशीनला दोन चापट्या मारल्या. म्हणाली, "मॅडम, ठोके चव्वेचाळीसच येतायत. बिघडलं वाटतं." मी अशी खूश झाले की विचारू नका. तिला सांगितलं, बाई गं, मशीन ठणठणीत आहे. पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोक्यांत भागतं. शेजारच्या खाटेवर आमचे सुटलेल्या पोटाचे साहेब धापा टाकत पडले होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

पण शिबिराच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा बघितला. म्हणाले, नगरला जाऊन टूडी करून घ्या.

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, तोंडात मात्र नगरच येतं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं गेले. टूडी म्हणजे छातीवर थंडगार चिकट जेली फासायची आणि वरून यंत्र फिरवायचं. खाटेवरच्या चादरीवर आधीच्या माणसाचा पांढरा केस होता. मी सगळा वेळ त्या केसाकडं बघत कुशीवर पडले होते. डॉक्टर तरुण, बोलायला शांत. यंत्र फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास? कुणी अचानक गेलेलं?"

"वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. पण ते ऊन लागून. मी बारावीला होते."

"नक्की ऊनच?"

"नक्की. मे महिना होता, सायकलवरून पडले."

त्यांनी तसं लिहून घेतलं. मग कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. माझ्या हृदयाची भिंत जाड झाली होती. वर्षानुवर्षं खूप पळलं की हृदय मोठं होतं, दंड भरतो तसं, त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण एका आजारातही भिंत अशीच जाड होते. तो आजार घराण्यातून येतो आणि त्यात माणूस पळता पळता जागच्या जागी जातो. माझी भिंत अशा मापाची होती की दोन्हींतलं काहीही असू शकतं.

"मग कळणार कसं?"

"तीन महिने पळणं पूर्ण बंद ठेवा. अर्धा तास सावकाश चाला, बस. पळण्यानं झालं असेल तर भिंत उतरेल. आजार असेल तर आहे तशीच राहील."

घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. मी पिशवी टाकली आणि म्हणाले, "आई, माझं हृदय वाढलंय म्हणतात."

तिचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"डॉक्टर."

"वाढलंय म्हनला? ह्योच शबूद?"

"हो, हाच. का गं?"

तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मला वाटलं, कर्म माझं! हिनं भलताच अर्थ लावला. आमच्या घरात काही फुटत नाही, विझत नाही. नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, हातातली बांगडी वाढते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून सगळ्याला वाढवायचं. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी आईच्या बांगड्या वाढवल्या होत्या, दगडानं. म्हणजे हिला वाटलं, लेकीचं हृदय फुटलं! मी कपाळाला हात लावला. "अगं आई, वाढलंय म्हणजे मोठं झालंय. फुटलं नाही!"

"कळतंय मला," ती म्हणाली आणि मेथी तशीच टाकून आत गेली.

हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. मुलीनं तर महिनाभर चिडवलं, आजी, दूध वाढलं, आजी, शाळा वाढली. ती नववीत होती, खो-खो खेळायची. पाठलागाला उतरली की खांब वळताना तिची वेणी कशी आडवी व्हायची, ते बघायला मी ऑफिस बुडवून जायची. आजी मात्र एकदाही हसली नाही.

मग भेटायला येणारे सुरू झाले. शी! माणूस आजारी पडला की आमच्याकडं ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे घेऊन लोक असे येतात, की जणू आमंत्रणच गेलंय. कॉटवर बसायचं, पाय वर घ्यायचे, मेलेल्यांची नावं काढायची. "एवढं पळून काय मिळवलंस?" असं जिला स्वतःच्या गुडघ्यावरून उठवत नाही, तिनं मला विचारावं! एकीनं तर माझ्या छातीला कान लावला. तिच्या केसांना खोबरेलाचा खवट वास येत होता, तो मला दोन दिवस येत राहिला. पुडे मुलीनं शाळेत वाटले.

त्यातच एका सकाळी आईनं मिश्रीची डबी माझ्यापुढं ठेवली. आई चाळीस वर्षं मिश्री लावत होती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ दातांवर घासत बसायचं. बेसिनमध्ये तिची काळी थुंकी बघून मी कितीदा तरी जेवण टाकून उठलेय. काय काय बोललेय तिला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"तू तुजं सोड," ती म्हणाली, "मी माजं सोडते. तुजं तीन म्हैनं, माजं बी तीन म्हैनं."

आणि बाईनं सोडली! पहिले आठ दिवस डोकं धरून बसायची. तोंडाला पाणी सुटायचं, जेवण उतरत नव्हतं. मिश्री लावल्याशिवाय तिला सकाळी साफ व्हायचं नाही. ते तर पार बिघडलं, एरंडेल आणून द्यावं लागलं. चिडचिड इतकी की भाजीवाल्याशी भांडली, नातीच्या पाठीत धपाटा घातला. पण डबीला हात लावला नाही. डबी ओट्यावर समोरच असायची, कुणी लपवली नव्हती.

आणि मी? मी अकरा दिवस टिकले.

सांगायचीही लाज वाटते. अकरा दिवसांत मला माझ्या अंगाची किळस यायला लागली. मांड्या जड, पोट कमरेच्या पट्ट्यावर येऊन बसलेलं, झोप नाही, कुणी मोठ्यानं चहा प्यायलं तरी डोक्यात तिडीक. बाराव्या दिवशी नेहमीसारखी चालायला निघाले. वळणावर बाभळीच्या आड गेल्यावर घर दिसेनासं झालं, आणि पाय आपोआप उचलले गेले. एकच किलोमीटर, म्हटलं. एका किलोमीटरनं काय होतंय डोंबलाचं. तो चार झाला. येताना एका मळ्यात विहिरीची मोटर चालू होती, पाइपाखाली तोंड-मान धुतली, श्वास खाली बसेपर्यंत बांधावर उभी राहिले आणि सावकाश चालत घरी आले. आईनं विचारलं, "चाललीस?" मी म्हणाले, "चालले."

पुढं आठवड्यातून चार-पाच दिवस हेच. मनाची समजूत घालायला काय लागतं? आठ किलोमीटर म्हणजे पंधराच्या मानानं काहीच नाही. हृदय तर माझं आहे, मला आतून कळतंय ना, की ते ठणठणीत आहे. रोज त्या पाइपाखाली तोंड धुताना पाण्याला शेवाळाचा वास यायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी तिथंच.

तीन महिने भरले तेव्हा आई म्हणाली, मी बी येते. नगरला जाताना कोल्हारपासून राहुरीपर्यंत खड्ड्यांत एसटी नुसती आदळत होती, आईनं एका हातानं पुढचा दांडा आणि दुसऱ्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. तीन महिन्यांत तिचे दात धुतल्यासारखे निघाले होते.

पुन्हा जेली, पुन्हा तो थंडावा. डॉक्टरांनी जुनी मापं काढली, नवी शेजारी ठेवली. यंत्र पुन्हा छातीवर लावून पुन्हा मोजलं. आई खुर्चीवर पदर आवळून बसलेली.

"फरक नाही," ते म्हणाले. "पळणं पूर्ण बंद होतं ना?"

"हो."

इतक्या झटकन आलं ते तोंडातून. विचारसुद्धा करावा लागला नाही.

डॉक्टरांनी पेन घेतलं. "मग हे आजाराकडं झुकतंय. पुण्याला जाऊन एमआरआय करावा लागेल. पुढं छातीत यंत्र बसवायचं का, तेही बघू. तुम्हाला मुलगी आहे, खेळते म्हणाला होतात. तिचं खेळणं आजपासून बंद. तिचीही तपासणी करायची."

मला ती आडवी होणारी वेणी दिसली. म्हणाले, "डॉक्टर, मी थांबले नव्हते. अकरा दिवस थांबले. नंतर पळत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग ह्या तपासणीला काही अर्थच राहिला नाही," एवढंच म्हणाले. माझी आईकडं बघायची हिंमत नव्हती. वाटलं, आता ही मला इथंच कानाखाली देईल, आणि द्यावीच.

आई माझ्याशी बोललीच नाही. ती डॉक्टरांशी बोलली.

"हिच्या बापालाबी हेच म्हनले हुते. हार्ट वाढलंय म्हनले. पैलवान मानूस, रोज हजार जोर काढायचे. तालीम बंद करा म्हनले डॉक्टर. मला म्हनाले, केली बंद. आन् कारखान्यावर जायच्या आदी गुपचूप तालमीत जायाचे. मला ठावं हुतं. लंगोट वला असायचा."

डॉक्टरांनी माझ्या कागदांवर बोट ठेवलं. "पण इथं तर ऊन लागून गेले असं आहे."

"ऊन कशाचं? तालमीतनं भाईर आले, सायकलवर टांग टाकली आन् पडले. सकाळचे सात वाजलेले. सातला कुठलं ऊन?"

मी चोवीस वर्षं ते ऊन खरं धरून चालले होते. मे महिना आला की टोपी घातल्याशिवाय मुलीला बाहेर सोडत नव्हते. मी म्हणाले, "आई, मग ऊन का सांगितलंस?"

"तुजी सोयरीक जमवायची हुती. घरात हार्टचं हाय म्हनलं की कोन दारात उभं ऱ्हातंय? भावकीनं ठरवलं ऊन म्हनायचं. म्हनलं, व्हय." मग म्हणाली, "तू वाढलंय म्हनलीस तवाच सांगायचं हुतं. जीभ उचलली न्हाई."

आणि मी तो किस्सा ऑफिसात रंगवून सांगितला होता! चहाच्या टेबलावर, नक्कल करून. मला तिचा राग यावा की माझा, कळेना. पैशापाण्याची, अब्रूची, सोयरिकीची ही सगळी घाण एका माणसाच्या मरणावर लिंपून ठेवलेली, आणि त्याच्याखाली माझं लग्न लागलं, पंगती उठल्या, लोकांनी जिलब्या खाल्ल्या. परतताना एसटीत आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. राहुरीत तिनं पाणी पाजलं मला.

नंतरचे तीन महिने मी खरे काढले. एक पाऊल पळाले नाही. चालायला आई बरोबर यायची, बाभळीच्या पुढंही. मग पुण्याला एमआरआय झाला. भिंत तसूभरही उतरली नव्हती. ते बाबांचंच होतं. अकरा वर्षं मी ज्या ठोक्याच्या जोरावर सगळ्या जगाला नाकं मुरडत पळाले, तो मला कधीही, कुठल्याही किलोमीटरला टाकून देऊ शकत होता, त्या डबेवाल्यांसमोर, त्या पेरूंच्या ढिगाशेजारी. आता गोळ्या चालू आहेत. चालायचं, पळायचं नाही, जिनासुद्धा सावकाश. बूट भंगारवाल्यानं प्लास्टिकच्या भावात नेले.

मुलीचं हृदय टूडीत चांगलं दिसलं. पण डॉक्टर म्हणाले, ह्या वयात दिसत नाही आणि पुढं उगवतं. रक्त तपासणीला पाठवलं, रिपोर्टला सहा आठवडे. तोवर खेळायचं नाही. मला वाटलं होतं, आकांत करील, कारण जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर होती. पण ती म्हणाली, "ठीक आहे, आई. मी ग्राउंडवर जाईन, नुसती गुण लिहायला बसेन." मला इतकं भरून आलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, नववीतली पोर, पण समज बघा. आपल्या आईपेक्षा शहाणी निघाली.

निवडीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. स्कूटी गॅरेजला दिलेली. मी पीठ मळत होते, सहज हात धुऊन तिला फोन लावला. खूप वेळ वाजला, मग उचलला.

"कुठंयस गं?"

"ग्राउंडवर."

"काय करतेस?"

"काही नाही. बसलेय. नुसती. गुण लिहितेय."

एकेक शब्द सुटा येत होता. मधल्या जागेत तिचा श्वास होता, लांब, ओढलेला. पाइपाखाली तोंड धुण्याआधी माझा असायचा तसाच.

मी फोन तसाच ओट्यावर टाकला. शाळेचं ग्राउंड घरापासून दीड किलोमीटर. चपला कुठं होत्या आठवत नाही. मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा आई मागून ओरडत होती, "पळू नगंस! अगं, पळू नगंस!" आणि मी पळत होते.